राब, रान आणि भृगूचा अभ्यास

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोन सहकाऱ्यांबरोबर १९१२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता पश्चिम भारतातल्या भातशेतीतला राब. सरकारी कृषिखात्याच्या रसायनशास्त्रविषयक मालेत तो छापून आला. जंगलखात्याचे अनेक साहेब राबाकडे अडाणी कुणब्यांनी चालवलेली झाडांची नासधूस म्हणून पाहत होते. तोच राब प्रयोगशाळेत आणून त्यामागचं कारण तपासावं असं महाविद्यालयातल्या माणसांना वाटलं, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

राब म्हणजे काय, हे जवळून पाहायला हवं. थंडी सरत आली की ऐनासारख्या झाडांचा कवळ, म्हणजे पालेदार फांद्या, तोडतात, त्याच्या मोळ्या बांधून डोक्यावरून शेतावर आणतात आणि वाळू देतात. ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, तिथे आधी शेण पसरतात, त्यावर वाळलेला कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, असे थर रचतात. सगळ्यात वर मातीचा पातळ थर येतो, म्हणजे आग भडकत नाही आणि राखही उडत नाही. पेटवायचं ते वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून. मग जाळ वाऱ्याच्या विरुद्ध, धुमसत, हाताहाताने पुढे सरकतो आणि खालची माती सावकाश भाजून निघते. घाईने पेटवलेला राब वरच्या वर जळून जातो आणि माती कच्ची राहते, हे घरातलं पोरही सांगतं. पहिल्या पावसाला त्या काळ्या तुकड्यावर भात पेरला की तण जवळपास नसतं, रोप तरारून येतं आणि लावणीच्या वेळी मुठीत जोमदार लागतं.

मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृतीचे भाग सुटे करून पाहिले. राखेतलं खत किती कामाचं, आचेचा वाटा किती, हे तपासलं. त्यांचं बोट राखेपेक्षा आचेकडे अधिक गेलं: तापलेल्या मातीत असे बदल होतात की कोवळ्या रोपाला अन्न सहज मिळतं. कुणब्याला हे शब्द ठाऊक नव्हते. वाऱ्याच्या कोणत्या टोकाला काडी लावायची हे मात्र त्याला ठाऊक होतं, आणि ते ज्ञानच होतं.

त्या निबंधाच्या कक्षेत एक प्रश्न बसत नव्हता. कवळ तोडायचा तो कुणाच्या रानातून? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत हा प्रश्न तेव्हाही जुनाच होता. राखीव जंगलांच्या हद्दी गावांच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, राब, जळण, चराई यांवर बंधनं आली आणि तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये खास जंगल आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल आला तरी गाऱ्हाणं मिटलं नाही. १९२७ च्या वन कायद्याने जंगलावरचा सरकारी हात आणखी घट्ट केला.

चिरनेर हे पनवेलजवळचं, आज उरण तालुक्यात मोडणारं गाव. एका अंगाला खाडीची खारजमीन, दुसऱ्या अंगाला अक्कादेवीचं रान, मध्ये भाताची खाचरं. १९३० च्या उन्हाळ्यात मिठाचा सत्याग्रह झाला आणि पावसाळ्यात महाराष्ट्रात जंगल सत्याग्रहाचं वारं उठलं. जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून सुरुवात केली, सप्टेंबरच्या आरंभी सांगलीकडचं बिळाशी पेटलं, आणि २५ सप्टेंबरला चिरनेर परिसरातल्या गावांतून माणसं कोयते घेऊन अक्कादेवीच्या रानाकडे निघाली. आगरी, कोळी, कातकरी, सगळेच त्यात होते. खरं तर सप्टेंबर हा राब तोडायचा महिना नव्हे. भात तेव्हा निसवायला आलेलं असतं. त्या दिवशी तोडायचं होतं ते हक्क सांगण्यासाठी. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले, मामलेदार जोशींनाही गोळी लागून मृत्यू आला. हुतात्म्यांत चिरनेरचा नाग्या महादू कातकरी होता. ज्या समाजाकडे सातबारा जवळपास नव्हताच, त्या समाजातला हा तरुण रानासाठी गेला.

१९१२ चा निबंध आणि १९३० चा गोळीबार यांच्यामध्ये अठरा वर्षं आहेत. एकीकडे राबाची आच मोजणारी माणसं, दुसरीकडे ज्या रानातून राब येतो त्याच्यासाठी मरणारी माणसं. आज कृषी विद्यापीठांत ‘शाश्वत शेती’ आणि ‘अन्नव्यवस्था’ हे विषय शिकवले जातात, त्यांवर पदव्या मिळतात. तेव्हा एक प्रश्न समोर येतो. अन्नाचा अभ्यास हा नेमका कसला अभ्यास? वस्तूचा अभ्यास करावा तसा तो करून, परीक्षा देऊन मोकळं होता येतं, की तो करणाऱ्यावर काही बंधन घालतो?

हा प्रश्न आपल्या परंपरेत फार पूर्वी विचारला गेला आहे, आणि तोही एका विद्यार्थ्याच्या गोष्टीतून. तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगुवल्लीत वरुणाचा मुलगा भृगू बापाकडे जातो आणि ब्रह्म शिकवा म्हणतो. बाप व्याख्यान देत नाही. ज्यातून सगळं जन्मतं, ज्यावर जगतं आणि ज्यात परत जातं ते शोध, एवढंच सांगून त्याला तपाला धाडतो. भृगू पहिलं उत्तर घेऊन येतो: अन्न. बाप त्याला परत पाठवतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, आणि शेवटी आनंद. या गोष्टीचं रूढ वाचन जिन्यासारखं झालं. अन्नमय हा सर्वांत बाहेरचा, सर्वांत जाडाभरडा कोश. त्याच्यावर पाय देऊन वर जायचं आणि मागे वळून पाहायचं नाही. घराघरांत जेवणाआधी अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारा श्लोक होतो, पण ज्ञानाच्या उतरंडीत मातीत हात घालणाऱ्याची जागा खालीच राहते. बारावीला बरे गुण मिळालेल्या मुलाने शेतकीला जायचं ठरवलं तर घरात शांतता पसरते, तीही याच जिन्याची पायरी आहे.

मूळ ग्रंथ मात्र आनंदाशी थांबत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. आनंदापर्यंत पोचल्यानंतरचे पुढचे अनुवाक पुन्हा अन्नाकडे वळतात, आणि तिथे ज्ञानाऐवजी व्रतं येतात. अन्नाला नावं ठेवायची नाहीत. अन्न अव्हेरायचं नाही. अन्न भरपूर पिकवायचं. दाराशी आसऱ्याला आलेल्या कुणालाही परत लावायचं नाही. त्यांच्या बरोबरीने जोड्या येतात: प्राण आणि शरीर, पाणी आणि तेज, पृथ्वी आणि आकाश. प्रत्येक जोडीतलं एक दुसऱ्याचं अन्न आहे आणि दोघं एकमेकांवर उभी आहेत. वल्लीच्या शेवटी जाणता माणूस, मीच अन्न आणि मीच अन्न खाणारा, असं गात सुटतो. यात आजचं परिसरशास्त्र शोधणं भाबडेपणाचं होईल. त्या ऋषींना नत्राचं चक्र ठाऊक नव्हतं. पण अभ्यासाचा क्रम त्यांनी जो लावला तो विचार करण्यासारखा आहे. भृगूचं पहिलं उत्तर अपुरं होतं, चुकीचं नव्हतं. अन्नाचं पुरतं आकलन झालं याची खूण म्हणून ग्रंथ त्याच्याकडून एखादी व्याख्या मागत नाही, वागण्याचे नियम मागतो.

गेल्या ऐंशी वर्षांत या चार व्रतांपैकी एकच व्रत राज्यव्यवस्थेने उचललं: अन्न भरपूर पिकवायचं. त्याला कारण होतं. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई आणि कोकण त्या तांदळावर बरंच अवलंबून होतं. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली, १९४३ मध्ये मुंबईत रेशन आलं, त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं उपासमारीने मेली. ज्या पिढीने हे पाहिलं तिने उत्पादनाला धर्म मानलं तर तिला दोष देता येणार नाही. पुढे अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर आपल्याकडे कृषी विद्यापीठं उभी राहिली: राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. कोकणासाठी दापोलीच्या विद्यापीठाने आणि त्याच्या केंद्रांनी केलेलं काम लहान नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून आलेले पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण खाऱ्या मातीत तग धरण्यासाठीच पैदा केलेले आहेत. भरतीला बांध फुटून खाचरात समुद्र घुसला की वर्षभराचं पीक जातंच, शिवाय मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात, हे ज्याने भोगलं आहे त्याला या वाणांचं मोल वेगळं सांगायला नको.

दापोलीशी नातं असलेलं आणखी एक काम राबाच्या गोष्टीशी थेट जुळतं. डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी चारसूत्री पद्धत मांडली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख आणि शेतात पेंढा. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीत गाडणं. ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी. आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोचणं. पहिली दोन सूत्रं नीट पाहिली तर राबाचा गाभा त्यांत दिसतो. राख आहे, पाला आहे. फक्त पाला आता अक्कादेवीच्या रानातून न येता शेताच्या बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा येतो. जंगलखातं आणि कुणबी यांच्यातलं शंभर वर्षांचं भांडण एका झाडाच्या फांदीने बऱ्यापैकी सोडवता येतं, हे दाखवणारं विज्ञान आपल्याच मातीत झालं. दुर्दैव एवढंच की तोवर बऱ्याच ठिकाणी बांधच विकले गेले होते.

उपनिषदातली व्रतं मोठी, पण ती कुणाच्या ताटापुढे बसून म्हटली गेली, असा सवाल महात्मा फुल्यांनी केला असता, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक १८८३ मधलं. त्यात शेतकऱ्याला जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाखाली कोण कसं लुबाडतो याचा हिशेब आहे, आणि सरकारी कामगारांनी केलेल्या नागवणुकीचाही आहे. त्याच पुस्तकात फुले शेतीच्या अभ्यासक्रमाचा आराखडाच मांडतात. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या किड्यामुंग्यांचं सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरतं आणि जमीन सुपीक करतं. जंगलखात्याने ही वाट आणि गुरांची चराई दोन्ही तोडली, असं ते दाखवतात. पाणी मुरेल असे ताली-बंधारे बांधा, बंधाऱ्यांच्या कामाला फौजेतली आणि पोलिसांतली रिकामी माणसं लावा, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा, असं सांगतात. रान आणि खाचर ही एकच व्यवस्था आहे, हे चिरनेरच्या आधी सत्तेचाळीस वर्षं एका माळ्याच्या मुलाने लिहून ठेवलं. फुल्यांनी त्यासाठी वेदाचा आधार घेतला नाही. ते ज्याला निर्मिक म्हणत तो देव वेगळा होता. तरीही त्यांचं म्हणणं आणि भृगूचं अखेरचं पाऊल एका जागी येतं: अन्नाबद्दल जे कळलं त्याने तुमच्या वागण्यावर हक्क सांगितला पाहिजे. फरक असा, की उपनिषद हे व्रत जाणत्या माणसाच्या गळ्यात घालतं, फुले ते सरकारच्या आणि भटशाहीच्या गळ्यात घालतात. आजच्या विद्यापीठाला दोन्ही लागू आहेत.

मान आणि कानिटकर यांचं पुढे काय झालं, हे या संदर्भात फार बोलकं आहे. मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो पुस्तकरूपाने छापला. १९२१ मध्ये मान आणि कानिटकर या दोघांनी मिळून जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, व्याज किती, वर्षाच्या मिळकतीत कुटुंब भागवतं का, ही त्यातली मोजमापं. म्हणजे राबाच्या आचेपासून सुरू झालेले दोन मृद्‌रसायनतज्ज्ञ नऊ वर्षांत सावकाराच्या वहीपर्यंत पोचले. त्यांना कुणी तपाला धाडलं नव्हतं. मातीचा प्रश्न धसाला लावायचा म्हटल्यावर तो आपोआप माणसाच्या घरात शिरला. अन्नव्यवस्था हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी पुण्यात अन्नव्यवस्थेचा अभ्यास सुरू झाला होता, आणि तो वरून आलेल्या फॅशनमधून निघाला नव्हता, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसांच्या अस्वस्थतेतून निघाला होता.

पण त्या घरोघरच्या मोजणीतही काही घरं सुटतात. ज्याला जमीन नाही तो शेतीच्या अभ्यासात येतच नाही. रोहिणीच्या आसपास पहिल्या सरी झाल्या की उरण, पनवेल, पेणच्या बाजारांत कातकरी बाया शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. पानांआधी जमिनीतून वर येणारा हा जांभळट-तपकिरी कोंब. वरची पाती सोलायची, बुडाचा पिवळा भाग काढून टाकायचा, कारण खाज असते ती तिथे जास्त. बारीक चिरून शिजवायचं आणि त्यात काकडाच्या आंबट हिरव्या फळांचा रस घालायचा. काकडाशिवाय शेवळ खाल्लं तर घसा धरतो. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे सुटते हे शास्त्र. काकड आणि शेवळ एकाच हंगामात, एकाच रानात मिळतात आणि एकमेकांसाठीच असल्यासारखे शिजतात, हे कातकरणीचं शास्त्र. आगऱ्यांच्या आणि सीकेपींच्या घरात याच भाजीत कोलंबी पडते आणि वर्षाचा एक सण साजरा होतो. विकणारी बाई काकडाची फळं जुडीबरोबरच देते, गिऱ्हाईक नवखं दिसलं तर कशी शिजवायची तेही सांगते. हा अध्यापनाचा प्रकार कोणत्याही अभ्यासमंडळाने मंजूर केलेला नाही.

शेवळ, कोळीची भाजी, टाकळा, भारंगी, कंटोळी: आषाढात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं भात लांब असतं, तेव्हा यांवर किती वाड्या जगतात, याचा हिशेब हेक्टरी उत्पादनाच्या तक्त्यात येत नाही. ते पेरलेलं नाही म्हणून पीक नाही, आणि पीक नाही म्हणून विषय नाही. अलीकडे कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, हे चांगलंच आहे. पण रानभाजी टिकवायची म्हणजे रान टिकवायचं आणि रानावर कातकऱ्याचा पाय टिकवायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क कागदावर मान्य केला. नाग्या कातकऱ्याच्या बलिदानानंतर शहात्तर वर्षांनी. दाराशी आलेल्याला परत लावू नये, हे चौथं व्रत इथे उलटं होऊन उभं राहतं: दार कातकऱ्याचंच होतं, आणि परत लावलं गेलं ते त्याला.

वारकरी परंपरेत सावता माळ्याच्या अरणची एक रीत आहे. संतांच्या पालख्या आषाढीला पंढरपूरला जातात. सावतोबाची जात नाही. उलट पंढरीच्या पांडुरंगाची पालखी अरणला येते, कारण सावत्याने मळा सोडून देवाकडे जाणं मानलं नाही, मळ्यातच देव पाहिला, अशी श्रद्धा आहे. ज्ञानाने कुणाकडे चालत जायचं याचा निकाल या रीतीने कधीच लावून टाकला आहे.

कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवाचं सत्र असतं. ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ गावात राहतात, बीजप्रक्रिया, माती परीक्षण, गादीवाफे यांची प्रात्यक्षिकं देतात. या सत्राइतका मोलाचा भाग त्या चार वर्षांत दुसरा नसेल. त्याची दिशा मात्र बहुधा एकच असते: विद्यार्थी दाखवतो, गाव पाहतं. गावाने विद्यार्थ्याला तपासावं, त्याला गुण द्यावेत, असा अर्धा भाग त्यात घालता येईल. महाराष्ट्रात याला आधार आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच विश्वासावर, की दहा गुंठ्यांत प्रयोग करणारा शेतकरी हा संशोधकच असतो आणि अशा संशोधकांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं हेच विद्यापीठ. द्राक्षबागाईतदारांच्या एका पिढीने त्या रीतीने शिक्षण घेतलं. चिरनेरपासून फार दूर नसलेल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी पवनारला ऋषिशेतीचा प्रयोग केला तेव्हा त्यांनी एक अट स्वतःला घातली: खायचं ते स्वतःच्या श्रमातून आलेलं हवं. सगळ्यांनी तसं जगावं असं नव्हे. त्या प्रयोगाची मर्यादा उघड आहे. पण अन्नाबद्दल बोलणाऱ्याने आपलं ताट कुठून भरतं हे तपासावं, ही मागणी रास्त आहे. नेरळजवळच्या मालेगावात चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा भात तंत्र हेही शेतातच जन्मलं. गादीवाफे एकदा करून ठेवायचे, पुन्हा नांगरायचं नाही, चिखलणी-लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच राहू द्यायची. गांडुळं परत आली की जमीन सुधारली असं ओळखायचं.

ज्या लँड ग्रँट विद्यापीठांचा नमुना आपण घेतला त्यांच्याबद्दल अलीकडे अमेरिकेत एक जुना हिशेब पुन्हा मांडला गेला. १८६२ च्या मॉरिल कायद्याने या विद्यापीठांना जी जमीन दिली, जी विकून त्यांची गंगाजळी उभी राहिली, ती एक कोटी एकराहून अधिक जमीन मूळच्या अमेरिकन इंडियन जमातींकडून घेतलेली होती. शेतीचं उत्तम शिक्षण आणि शेतजमिनीवरून हुसकावलेली माणसं एकाच कायद्यात शेजारी बसली होती, आणि दीडशे वर्षं वर्गात पहिलीच बाजू शिकवली गेली. तिथली काही विद्यापीठं आता हा इतिहास विद्यार्थ्यांसमोर मांडतात. हे अपराधाच्या भावनेपुरतं राहिलं तर व्यर्थ आहे. अन्नाच्या अभ्यासात जमीन कुणाची होती हा प्रश्न पहिल्या पानावर घालण्याइतकं ते पोचलं, तर त्याला अर्थ आहे.

उरण तालुक्याला हा प्रश्न पुस्तकातून वाचायची गरज नाही. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी रस्त्यावर आला आणि दास्तान फाटा, नवघर इथल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू याच तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. आणि २०२४ मध्येच राज्य शासनाने उरण, पनवेल, पेण या तीन तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं. सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचं हे नियोजित नगर, नाव कर्नाळा-साई-चिरनेर. गावकऱ्यांनी हजारोंनी हरकती दिल्या. ज्या गावाचं नाव रानाच्या हक्कासाठी महाराष्ट्राला माहीत झालं, त्याचं नाव आता एका शहराला मिळणार आहे.

नवं शहर होऊ नये असं म्हणणं सोपं आहे आणि अपुरं आहे. इथल्या तरुणांना काम हवं आहे, आणि भातावर घर चालत नाही हे मान-कानिटकरांनी पुणे जिल्ह्यात दाखवलं होतं त्यापेक्षा आज अधिक खरं आहे. पण शहराचा आराखडा करताना जमिनीचा वापर रंगांत दाखवतात, आणि त्या रंगांमध्ये खारजमिनीतलं भात, उघाडीपाशी मिळणारी जिताडी, बांधावरचा वाल, रानातलं शेवळ या सगळ्यांसाठी एकच हिरवा रंग असतो. या १२४ गावांत वर्षाला किती खंडी भात पिकतं, कोणते जुने वाण अजून कुणाच्या कणगीत आहेत, किती कुटुंबं आषाढात रानावर जगतात, बांध आणि उघाड्या कोण राखतं, ही मोजणी आराखड्याच्या आधी व्हायला हवी. ती करायला तयार मनुष्यबळ आहे. कर्जतचं भात संशोधन केंद्र आणि पनवेलचं खारभूमी केंद्र जवळ आहेत, दापोलीचं विद्यापीठ आहे, दर वर्षी गावात जाऊन राहणारी कृषिदूतांची तुकडी आहे. एका सत्राचं प्रात्यक्षिक बाजूला ठेवून त्यांना ही नोंद करू द्यावी. चिरनेरच्या कातकरी वाडीत बसून, वाडीतल्या बायांना परीक्षक नेमून, गाव, पिकं आणि रान यांची वही तयार करावी आणि ती हरकतींच्या सुनावणीत पुरावा म्हणून ठेवावी. विद्यापीठाचा शिक्का असलेली अशी वही सुनावणीच्या टेबलावर असेल, तर अधिकाऱ्याला ती वाचून उत्तर द्यावं लागेल.